चौथं विमान

१

गोळ्यांची डबी कपाटाच्या माथ्यावर सापडली, तेव्हा कामिनी स्टुलावर उभी होती आणि तिच्या हातात ओलं फडकं होतं. दुसरीच कुठली तरी डबी असेल असं तिला आधी वाटलं. तिनं ती धुळीतून उचलली, झाकण फिरवलं. आत जिभेखाली ठेवायच्या गोळ्या होत्या. डबी अर्ध्याहून जास्त भरलेली होती.

तिचे बाबा, मनोहरराव हेडाऊ, ही डबी सदऱ्याच्या खिशात बाळगायचे. आंघोळीला जाताना ती कोनाड्यात ठेवायचे आणि ओल्या अंगानं बाहेर येऊन पहिल्यांदा तीच चाचपायचे. ते गेले त्या रविवारी डबी खिशात नव्हती. दवाखान्याच्या धावपळीत कुठे पडली असेल, असं सगळे धरून चालले. जुनंच दुखणं होतं, हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. संगणकावर विमान उडवता उडवता गेला माणूस, याहून चांगलं मरण कोणतं, असं तेरवीला आलेले लोक म्हणत राहिले. ऐकून ऐकून कामिनीलाही ते पटायला लागलं होतं.

पण बाबांचे दोन्ही खांदे आखडलेले होते. त्यांचा हात कानाच्या वर जात नसे. सदरा आई घालून द्यायची, भांगही आईच पाडायची. आणि या खोलीत स्टूल नव्हतं. ते आत्ताच तिनं खालून, स्वयंपाकघरातून आणलं होतं.

ती स्टुलावरून उतरून भिंतीला टेकली. आजारी माणसाच्या खिशातली डबी कोणी तरी काढली होती आणि त्याचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवली होती. त्या वेळी बाबा बघत असतील. ती कुठे आहे हे त्यांना दिसत असेल.

"कामे," खालून आईची हाक आली. "चहा झाला वं. खाली ये. जागेश्वर भाऊजी आले, अश्विनही येतो म्हणत होता."

कामिनीनं डबी मुठीत धरली. ज्यानं हे केलं तो घरातला माहीतगार होता. म्हणजे तो तेरवीला पंगतीत जेवून गेला होता, आणि कदाचित आत्ताही खाली बसून चहा पीत होता. चार दिवसांनी तिला पुण्याला परतायचं होतं. आई हे घर सोडून यायला तयार नव्हती. मग त्या माणसाला दार उघडून द्यायला घरात आई एकटीच उरणार होती.

२

नागपूरच्या तांडापेठेतलं हे घर मुळात कोष्ट्याचं. खाली जिथं आता बैठक आहे तिथं पणजोबांचा माग होता. त्यांच्या मुलानं, म्हणजे आजोबा बळीराम हेडाऊंनी, माग सोडला आणि तारायंत्राची कटकट शिकून ते विमानात रेडिओवर बसले. स्वातंत्र्यानंतर रात्रीची टपाल विमानं सुरू झाली होती. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी चार डाकोटा विमानं मध्यरात्री सोनेगावच्या धावपट्टीवर उतरायची, एकमेकांच्या टपालपिशव्या बदलायची आणि आपापल्या गावी परत उडायची. सगळ्या देशाची पत्रं नागपुरात हात बदलायची. बळीराम मद्रासच्या विमानावर होते. एका रात्री ते विमान कुहीकडच्या धानाच्या बांध्यांत कोसळलं. बळीराम गेले. वैमानिक कॅप्टन ठवकर वाचले.

कॅप्टन ठवकरांनी चौकशीत जबानी दिली. चांदणं होतं, कन्हान नदी खाली स्वच्छ दिसत होती, मी तिच्या अंदाजानं नीट येत होतो, पण रेडिओवाल्यानं चुकीची दिशा सांगितली. मेलेला माणूस काय बोलणार? दोष बळीरामांच्या नावावर पडला तो पडलाच.

आणि त्या दोघांची मुलं जिवलग मित्र झाली, हे या गल्लीतलं आश्चर्य होतं. कॅप्टनचा मुलगा जागेश्वर जरीपटक्यात राहायचा. तो आठवड्यातून तीनदा इथं यायचा आणि चहाचा कप हातात घेऊन म्हणायचा, "तुह्या बापानं माह्या बापाले पाडलं गा, तरी मी तुह्या घरचा चहा पितो. माहं मन पाह्य किती मोठं." बाबा हसायचे. कामिनीला लहानपणी वाटायचं की बाबांना खरंच हसू येतं.

निवृत्त झाल्यावर बाबांनी वरच्या खोलीत विमान बसवलं. खरं म्हणजे तो संगणक होता, तीन मोठे पडदे, पायाखाली सुकाणूची पट्टी, हातात दांडा. शेजारी उजवीकडे दुसरी खुर्ची आणि दुसरा दांडा, म्हणजे पाहुण्यालाही उडवता येईल. तिथं बसून ते जुना डाकोटा उडवायचे. हळूहळू चौघं जमले. बाबा मुंबईचं टपाल आणायचे, जागेश्वरकाका दिल्लीचं, कन्हान गावचा अश्विन कलकत्त्याचं आणि कुहीच्या शाळेत शिकवणारी रुचिका मद्रासचं. चौघं आपापल्या घरून, इंटरनेटवर. दर रविवारी दुपारी खिडक्यांचे पडदे ओढून, खोट्या अंधारात खोटी मध्यरात्र करायची आणि चार दिशांनी सोनेगावला उतरायचं. त्यांच्यात एकच नियम होता आणि तो बाबा देवपूजेसारखा पाळायचे. चौथं विमान उतरल्याशिवाय एकानंही सुटायचं नाही. ज्याची पत्रं आली नाहीत त्याला मागे ठेवून कसं जायचं?

शेवटच्या आठवड्यात बाबांनी तिला व्हिडिओ कॉलवर पडदा दाखवला होता. धावपट्टीलगत, शेडच्या कोपऱ्यात, एक चंदेरी डाकोटा उभा होता.

"आजोबांचं विमान," ते म्हणाले होते. "अश्विनकडून शिकलो अन् काल मीच उभं केलं. ते उडत नाही, नुसतं उभं राहते. फक्त माह्याच मशीनमध्ये दिसते, बाकीच्यायले नाही. कोणाले सांगतलं नाही अजून. हसतीन."

आता खाली बैठकीत जागेश्वरकाका बशीत चहा ओतत होते. कामिनीनं डबीबद्दल चकार शब्द काढला नाही.

"आई, त्या रविवारी काय काय झालं, परत सांग ना."

"किती वेळा सांगू वं?" पुष्पलताबाईंनी पदर तोंडाशी नेला. "शेजारच्या यमुताईच्या छतावर आम्ही बाया कुरडया घालून राहिलो होतो. वरून विमानाचा आवाज आला, घर्रर्र. यमुताई म्हणते, उडाले तुमचे कॅप्टन. म्या म्हटलं, सुटलं विमान, आता चहा लागते त्याईले. हातातलं आटपून आली. पाहतो तं मान खाली. पडद्यावर विमान उडूनच राहिलं होतं."

"आवाज एवढा मोठा होता?"

"छतावर ऐकू आला म्हणजे पाह्य."

"नको वं त्या आठवणी काढू," जागेश्वरकाका कळवळून म्हणाले. "वहिनीले त्रास होते. मी तं त्या दिवशी घरीच होतो, माह्या मशीनवर. इतक्या जवळ राहून कामाले आलो नाही."

कामिनी वर गेली आणि तिनं दार लावून घेतलं. बाबा उडताना कानांवर हेडफोन चढवायचे. तो घातला की बाहेर टाचणी पडल्याएवढाही आवाज येत नसे. यमुताईंच्या छतापर्यंत विमानाचा आवाज कधीच गेला नव्हता. हेडफोन आत्ता खिळ्याला लटकत होता, नीट गुंडाळून. आईनं त्याच संध्याकाळी खोलीच्या दोन्ही दारांना कुलूप लावलं होतं, ते कामिनीनं आज सकाळी साफसफाईसाठी काढलं. आई हेडफोनला हात लावणारी नव्हती.

खिडक्यांचे पडदे ओढलेलेच होते. दुपार असूनही खोलीत काळोख होता. गल्लीच्या बाजूनं या खोलीला लोखंडी जिना आहे, तिथलं दार आतून नुसतं लोटलेलं असायचं. कामिनी हेडफोनकडे बघत असतानाच तो जिना वाजला. एक पायरी, मग दुसरी. कोणी तरी जपून, आवाज न करता चढत होतं.

दाराची कडी हलली.

३

"कोण आहे?" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"मी अश्विन, ताई. घाबरू नका." दार उघडलं. तो चौकटीएवढा उंच होता, त्याला आत यायला वाकावं लागलं. "खाली जागेश्वरकाका होते, म्हणून इकडून आलो."

"जागेश्वरकाका असले तर खालून यायचं नाही असं काय आहे?"

तो संगणकाकडे वळला. मग म्हणाला, "मी मशीन मागायले आलो, ताई. अर्धं माह्याच हातानं जोडलेलं आहे. तुम्ही ते उघडलं तं नाही ना?"

"काहून?"

तिच्या तोंडून इतक्या वर्षांनी 'का' ऐवजी गावचं 'काहून' निघालेलं ऐकून तो दचकला. "असंच."

तो कामिनी आणि दार यांच्यामध्ये उभा होता आणि आपण चुकीच्या बाजूला उभे आहोत हे तिच्या लक्षात आलं. याला कपाटाच्या माथ्यावर हात नेण्यासाठी स्टूल लागलं नसतं. खाली आईचा आवाज येत होता, भांडी वाजत होती. हाक मारली तर ऐकू जाईल, असा हिशेब तिनं मनात केला.

"त्या रविवारी तू काय पाहिलंस?"

"कलकत्त्याचं टपाल घेऊन मी आधीच उतरलो होतो. दिल्ली उतरलेली, काकांची मुंबईही उतरलेली. आम्ही तिघं उभे. मद्रास यायचं होतं." तो अडखळला. "अन् काकांचं विमान सुटलं. चौथं न येताच. माह्या डोळ्यांवर विश्वास बसला नाही. हेडफोनवर म्हटलं, काका, थांबा ना गा! उत्तर नाही. म्हटलं, रागावले असतीन. घरची पाण्याची मोटर चालू राहिली होती, मी ती बंद करायले गेलो. आलो तं फोनच आला की काका गेले."

"मशीन का उघडू नको म्हणतोस?"

अश्विन खुर्चीच्या पाठीवरून बोट फिरवत राहिला. "शनिवारी काकांनी मले एक विचारलं होतं. जुनी तारीख टाकली तं आकाशात चंद्र त्या दिवसाचाच खरा येते का, म्हणून. म्या म्हटलं, येते, मशीन हिशेब करते. तवा ते म्हणाले, अश्विन, हे कोणाले बोलू नको. ज्याचं आहे त्याले मी तोंडावर सांगीन, मग बाकीच्यायले. मी शब्द दिला होता. म्हणून म्हटलं, तुम्ही उघडू नका. अन् जागेश्वरकाकांसमोर मशीन मागतलं असतं तं त्यायनं खोदून विचारलं असतं."

"ज्याचं आहे म्हणजे कोणाचं?"

"नाही सांगतलं, ताई. देवाशपथ."

तो जसा आला तसा लोखंडी जिन्यानं गेला. त्याच्या पायांखाली जिना दणदण वाजला. मघाशी जपून चढताना मात्र तो फार कमी वाजला होता, इतका कमी की खाली कोणाला पत्ताही लागला नसता.

४

रुचिका फोनवर आधी रडलीच.

"ताई, माझ्यामुळेच झालं ते. त्या दिवशी माझ्याकडे सारखी लाइट जात होती, मला उशीर झाला. चंद्रपूर ओलांडलं तेव्हा मी हेडफोनवर दोनदा म्हणाले, काका, मी येऊन राहिली, थांबा. पण ते सुटले. मला वाटलं, माझ्यावर चिडले. त्यांनी आयुष्यात कधी कोणाला मागे सोडलं नव्हतं. तेरवीला तुमच्या आईकडे बघायची हिंमत झाली नाही."

"तू उतरलीस तेव्हा तिथं कोण होतं?"

"दिल्ली अन् कलकत्त्याची विमानं उभी होती. मी बोलले, कोणीच बोललं नाही. नुसती विमानं. भीती वाटली मला, ताई. मी मशीन बंदच करून टाकलं."

फोन ठेवून कामिनी डाव्या खुर्चीत बसली. या खुर्चीत बसायचं ती इतके दिवस टाळत आली होती. तिनं मशीन चालू केलं. पंखे फिरले, तिन्ही पडदे उजळले आणि बाबांनी राखून ठेवलेली शेवटची उड्डाणं समोर आली. सगळ्यात वरच्याला तारीख होती आजोबांच्या मरणाची.

तिनं ते उघडलं.

पडदे काळे झाले. बिघडले असं वाटून तिनं हात पुढे नेला, तेवढ्यात समोरच्या तबकड्यांचा मंद हिरवा उजेड दिसला. विमान उडत होतं. बाहेर मात्र काहीच नव्हतं. तिनं मान वळवावी तसा दांडा फिरवून आकाश शोधलं. चांदण्या होत्या, चंद्र नव्हता. खाली कुठे तरी कन्हान वाहत होती, पण तिचा मागमूस नव्हता. बाबांनी तीच घटका तीनदा, वेगवेगळ्या उंचीवर उडून पाहिली होती. तिन्ही वेळा काळोख.

नदी दिसलीच नव्हती. दिसू शकत नव्हती. आंधळ्यासारखा खाली खाली येत विमान बांध्यांत घालणारा माणूस जगला आणि त्यानं चांदणं रचलं. त्या चांदण्यात आजोबा आयुष्यभरासाठी, मेल्यानंतरच्या आयुष्यभरासाठी, दोषी ठरले.

पुढच्या महिन्यात एका खासगी शाळेत विमानांचं दालन उघडणार होतं. त्याला कॅप्टन ठवकरांचं नाव द्यायचं ठरलं होतं. जागेश्वरकाका पत्रिकेचा नमुना घेऊन तेरवीलाही आले होते.

तरी कामिनी स्वतःला बजावत राहिली. कारण कळलं म्हणजे माणूस कळला असं नाही. अश्विन आवाज न करता जिना चढतो. अश्विन मशीन मागतो. अश्विनचंही विमान नुसतं उभं होतं आणि त्याच्याही जागी उत्तर देणारं कोणी नव्हतं. शनिवारची गोष्ट खरी की त्यानं रचलेली, हे सांगायला बाबा नव्हते.

मग तिनं मशीननं आपोआप टिपून ठेवलेलं त्या रविवारचं उड्डाण उघडलं आणि बाबांच्या जागेवरून, बाबांच्या पडद्यावर, सोनेगाव पाहिलं. दिल्लीचं विमान उभं. कलकत्त्याचं उभं. आणि शेडच्या कोपऱ्यात चंदेरी डाकोटा.

या खुर्चीतून बघणाऱ्याला सगळी आलेली दिसत होती.

बाबांनी ते विमान मोजलं नसतं, ते त्यांनीच उभं केलं होतं. ज्यानं दांडा पुढे ढकलला त्याला नियम माहीत होता. नियम न पाळता विमान सुटलं तर बाकीच्यांना शंका येईल, हेही माहीत होतं. म्हणून त्यानं मोजलं. आपलं धरून चार भरली आणि मग तो निघाला. हेडफोन त्यानं घातला नाही, कारण कान झाकले असते तर जिन्यावरचं पाऊल ऐकू आलं नसतं. बोलणं मात्र फक्त हेडफोनमधूनच ऐकू यायचं, त्यामुळे रुचिका काय सांगत होती ते त्याला कळलंच नाही. जगात त्या विमानांची संख्या चार दिसेल अशी एकच जागा होती, आणि ती हीच.

आता फक्त प्रत्येकाला विचारायचं होतं, तुम्ही किती पाहिली? अश्विननं न विचारता सांगून टाकलं होतं. आम्ही तिघं उभे.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी जागेश्वरकाका वर आले. कामिनीनंच बोलावलं होतं. आईला तिनं मुद्दाम यमुताईंकडे पाठवलं. काही वेडंवाकडं झालं तर आई घरात नको, एवढाच विचार केला होता. आपल्यासोबत इथं कोणी नाही हे तिच्या ध्यानात ते आतलं दार लावून घेताना आलं.

ते सवयीनं उजव्या खुर्चीत बसले. लांब पाय पुढे पसरले. उभे राहिले की त्यांचंही डोकं पंख्याजवळ जायचं. गेली कित्येक वर्षं ते वाकून चालत होते म्हणून कोणाच्या लक्षात येत नसे.

"मशीन विकून टाक वं," ते म्हणाले. "वहिनी एकटी. मी येत जाईन रोज, पाहीन तिच्याकडे. तू बिनघोर जाय."

'रोज' हा शब्द तिनं मनात टिपून ठेवला. ती पडद्यांकडे बघत म्हणाली, "काका, एकच गोष्ट मनाला लागून राहिली आहे. बाबांनी शेवटच्या दिवशी नियम मोडला. मद्रास यायच्या आधी निघाले."

"कोण म्हणते?"

"रुचिका म्हणते, तिला उशीर झाला होता."

"पोरीच्या जातीले काय, काही बी बोलते." ते जोरानं मान हलवायला लागले. मित्राची बाजू घ्यायची सवय त्यांच्या अंगात किती मुरली होती, हे तिला त्या क्षणी दिसलं, आणि तेच सगळ्यात भयानक वाटलं. "तुह्या बापानं नियम मोडला नाही. चारही आली होती. मी माह्या डोळ्यांनं पाहिली ना. मद्रास पार तिकडं उभं होतं, शेडच्या कोपऱ्यात. चांदीवानी चमकून राहिलं होतं. त्याच्यानंतरच सुटलं मुंबईचं."

"तुमच्या घरच्या पडद्यावर पाहिलंत?"

"मग? दुसरं कुठं?"

कामिनीनं बटण दाबलं. तिन्ही पडद्यांवर सोनेगाव आलं आणि कोपऱ्यातलं विमान चमकलं.

"हे मद्रास नाही, काका. हे बाबांनी उभं केलेलं आजोबांचं विमान आहे. फक्त या मशीनमध्ये आहे. अश्विनच्या पडद्यावर ते दिसलं नाही, रुचिकाच्या नाही, तुमच्या घरी तर नाहीच. ते बघायला इथं बसावं लागतं. तुम्ही बसला आहात तिथं."

जागेश्वरकाका खुर्चीत पुढे वाकले. त्यांनी विमानाकडे पाहिलं, मग कपाटाच्या माथ्याकडे. तिनं कपाटाचं नावही काढलं नव्हतं.

ते उठले. उठताना पूर्ण सरळ झाले. कामिनीची पाठ खुर्चीला चिकटली. लोखंडी जिन्याचं दार त्यांच्या पलीकडे होतं.

"मी काही केलं नाही वं," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणूनच ती जास्त घाबरली. "त्यानंच बोलावलं होतं. तुहं विमान उभं करून ये म्हणे, तोंडावर सांगायचं आहे. मग तो काळोख दाखवला मले. म्हणे, जागू, चंद्रच नव्हता. तुहा बाप खोटं बोलला म्हणे. मी म्हटलं, दालन उघडू दे, मग बोल. तो म्हणे, नाही, आधी. भांडण झालं. त्याच्या छातीत दुखाले लागलं. खिशात हात घालून राहिला होता..."

"आणि डबी तुम्ही काढली."

"मी फक्त घेतली. म्हटलं, दालन उघडेपर्यंत गप राहायचं आधी कबूल कर, मग देतो." त्यांनी हाताची पालथी बाजू तोंडावरून फिरवली. "तो नाही म्हणे. मग तो बोलूच शकला नाही. मी वर ठेवून दिली. मी काहीच केलं नाही. नुसता बसून राहिलो."

"विमान का उडवलंत?"

"ते पोरं वाट पाहून राहिले होते. न सुटलं तं फोन करतीन. कोणी आलं असतं." ते थांबले. पुढचं वाक्य त्यांनी बहुधा स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. "तो जित्ता होता अजून."

कामिनीच्या हातातला फोन ओला झाला होता. यमुताईंच्या छतावर बायका हसत होत्या, आई म्हणत होती, सुटलं विमान. तो आवाज ऐकून ती निर्धास्त झाली होती. शेवटचा चीक साच्यात भरून ती सावकाश घरी आली होती.

"आता तूच सांग, कोण मानन हे?" जागेश्वरकाका एक पाऊल पुढे आले. "म्हातारा माणूस, दुखणं जुनं. दे ती डबी इकडं, पोरी. तुह्या मायले एकटं राहायचं आहे या गल्लीत. मी येऊन राहिलोच ना पाहाले."

"भाऊजी."

लोखंडी जिन्याचं दार उघडं होतं आणि उंबऱ्यावर आई उभी होती. ती अनवाणी होती, तिच्या पायांचा आवाजच आला नव्हता. किती वेळापासून उभी होती कोण जाणे. तिचा चेहरा पाहून कामिनीला कळलं की पुरेशा वेळापासून.

जागेश्वरकाका वळले. "वहिनी, तुम्ही ऐका..."

"ऐकलं." पुष्पलताबाई आत आल्या नाहीत. बाहेरच्या पायरीची वाट त्यांच्या अंगानं भरली होती. "एकच विचारतो. त्याईनं मले हाक मारली होती का?"

जागेश्वरकाकांनी खाली पाहिलं. पडद्यावरचा उजेड त्यांच्या अर्ध्या गालावर होता. खोटं बोलायला त्यांना सगळी मोकळीक होती. नाही म्हणाले असते तर तपासणार कोण?

"मारली," ते म्हणाले. "पुष्पा म्हणून."

आईनं डोळे मिटले आणि उघडले. चौकटीला धरलेली तिची बोटं तेवढी पांढरी पडली. कामिनी उठून तिच्याकडे जाणार होती, पण आईनं मान हलवली, नाही अशी. मग तिनं कामिनीच्या हातातल्या फोनकडे पाहिलं. कामिनीनं पोलिसांचा नंबर फिरवला.

"मी निघतो, वहिनी," जागेश्वरकाका घोगऱ्या आवाजात म्हणाले. "जाऊ द्या मले."

"बसा," आई म्हणाली. "तुम्हाले बसता येते."

ते हातानं चाचपडत मागे सरकले आणि उजव्या खुर्चीवर टेकायला गेले.

"तिथं नाही. खाली."

फोन उचलला गेला. पलीकडून एक बाई काय झालं म्हणून विचारत होती. जागेश्वर ठवकर फरशीवर बसेपर्यंत कामिनी थांबली. मग तिनं आपलं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, गल्लीचं सांगितलं, आणि तिच्या लक्षात आलं की आपला आवाज थरथरत नाही.